सही ठोक, मीटर लाव

९ फेब्रुवारी

एकोणीस दिवसांनी वही उघडली. सात नंबरच्या तेलविहिरीवर स्फोट झाला त्या दिवसाच्या पानावर नुसती तारीख घातलेली आहे. पुढे पेन सरकले नव्हते. आज जावयाला जळीत विभागातून साध्या खोलीत हलवले, म्हणून जरा धीर आला.

दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. डावा कान गेला, असे डॉक्टर म्हणतात. लेक चमच्याने भात भरवत होती. हा म्हणतो कसा, "अगं, घास केवढा घेतेस! मी भाजलोय, दुष्काळातून आलेलो नाही." आम्ही सगळे हसलो. लेक हसत हसतच बाहेर गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

लांब्याही भेटायला आला होता. तो जावयाचा जोडीदार, उंची अशी की दवाखान्याच्या दारात वाकून शिरावे लागते. खाटेच्या कडेला बसून तो तेच तेच सांगत राहिला. "मास्तर, कागद झाला, मुकादमाची शिट्टी झाली, यानं ठिणगी पाडली, आणि आभाळच फाटलं हो."

मला मास्तर म्हणतात ते उगीच. मी कधी शाळेत शिकवले नाही. एकतीस वर्षे तेलक्षेत्रावर परवाना कारकून होतो. जिथे आग पेटवायची, मग ते वेल्डिंग असो की पाइप कापणे, तिथला पिवळा परवाना मी भरून द्यायचो. मास्तर हे नाव पडले ते माझ्या चार ओळींमुळे. बावीस वर्षांपूर्वी मुलांच्या लक्षात राहावे म्हणून परवान्याचा क्रम मी पद्यात बसवला:

आधी झडप, कुलूप मग,
टोपी-चष्मा, बघ रे बघ;
सही ठोक, मीटर लाव,
मग ठिणगीला दे वाव!

मीटर म्हणजे हवेत गॅस आहे की नाही ते सांगणारे विटेएवढे यंत्र. कंपनीने या ओळी छापून, खाली आपला शिक्का मारून, फाटकापाशी काचेच्या चौकटीत लावल्या. त्याचीच एक प्रत मला निवृत्तीच्या दिवशी दिली. ती आत्ता समोरच्या भिंतीवर आहे. माझे पुस्तक काही निघाले नाही. पण रोज सकाळी पाळी सुरू होताना साठ माणसे ज्या ओळी एका सुरात म्हणतात, अशा ओळी किती कवींच्या नशिबी असतात?

मी ती शिकवलीसुद्धा आमच्या गुरुजींच्या पद्धतीने. गुरुजी अर्ध्या ओळीवर थांबायचे, पट्टी हवेत धरून वर्गाकडे नुसते बघायचे, आणि उरलेली ओळ चाळीस गळ्यांतून आपोआप बाहेर पडायची. त्या वर्गाचा वास अजून नाकात आहे, खडूचा आणि ओल्या लाकडाचा. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी माझ्या टेबलासमोर असेच उभे केले.

१४ फेब्रुवारी

आज इस्त्री दवाखान्यात येऊन गेला.

इस्त्री म्हणजे कंपनीचा सुरक्षा अधिकारी. तेलाच्या चिखलातसुद्धा याच्या शर्टाची घडी मोडत नाही, म्हणून पोरांनी ठेवलेले नाव. हाही एके काळी माझ्या टेबलासमोर उभा राहून कविता पाठ म्हणून गेलेला आहे. आता साहेब झाला. फळांची पिशवी खुर्चीवर ठेवली, नीट बसला आणि कागद काढला.

"कंपनी माणुसकी सोडत नाही, मास्तर. तसं पाहिलं तर हे ठेकेदाराचे कामगार, आमचे नाहीतच. तरी साहेबांनी वर्षभराचा पगार मंजूर केलाय. इथं फक्त सही."

हिने चष्मा पुसून कागद हातात घेतला. हिला भिंतीवरच्या चौकटीतली कविता कधी दिसत नाही, बारीक अक्षर मात्र बरोबर दिसते. "अहो, हे खाली मुंग्यांसारखं काय लिहिलंय? 'यापुढे ठेकेदार अथवा कंपनी यांच्याविरुद्ध कोणताही दावा, अर्ज वा तक्रार करणार नाही.' म्हणजे काय हो, साहेब?"

"तो नेहमीचा मजकूर असतो, वहिनी. सगळ्याच कागदांवर असतो."

"मग काढून टाका की. नेहमीचाच तर आहे."

इस्त्रीने ऐकले न ऐकलेसे केले आणि कागद जावयापुढे धरला. जावई म्हणाला, "साहेब, हात बांधलेत माझे. सही कशी करू?"

"अंगठा चालेल."

"तोही आतच आहे."

लांब्या दारातून फिस्सकन हसला. इस्त्री कागद ठेवून गेला. फळे चांगली निघाली, हे कबूल केले पाहिजे.

१८ फेब्रुवारी

लेक मला वकीलबाईंकडे घेऊन गेली. त्यांचे ऑफिस चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, जिन्यापासूनच डिंकाचा वास. बाई तरुण आहेत, भराभर बोलतात, चहा गार होऊ देतात. मला काका म्हणाल्या.

पाकिटाच्या पाठीवर त्यांनी दोन रेघा ओढल्या.

"ही पहिली वाट. ठेकेदार तुमच्या जावयांचा मालक. कामावर इजा झाली की मालकानं भरपाई द्यायची, चूक कुणाची ते बघायचं नाही. रक्कम ठरावीक असते, पण लवकर मिळते. भरपाई आयुक्तांकडे अर्ज करायचा, दोन वर्षांच्या आत. यातून सुटायला मालकाला एकच फट आहे. कामगाराला सुरक्षेचा नियम स्पष्ट सांगितलेला होता आणि त्यानं तो जाणूनबुजून मोडला, हे सिद्ध करणं."

"आणि ही दुसरी?"

"ही कंपनीवर. विहीर तिची, जागा तिची, हलगर्जीपणा तिचा. तिच्यावर कोर्टात दावा. इथं रकमेला वरची मर्यादा नाही, पण चूक सिद्ध आपण करायची, आणि वर्षं लागतात. मीटर बनवणाऱ्यावरही दावा करता येतो, पण मीटर बिघडलेलं असेल तर. ते तुम्हीच सांगा, होतं का बिघडलेलं?"

लेक म्हणाली, "बिघडायला ते तिथं होतंच कुठं? चार विहिरींना मिळून एक मीटर. त्या वेळी ते तीन नंबरवर होतं."

बाईंनी पहिल्यांदाच चहाचा घोट घेतला. "आणि तो इस्त्रीवाला कागद म्हणजे या दोन्ही वाटांवर भिंत. त्यावर अंगठा उठला की मी घरी, तुम्ही घरी."

दोन्ही वाटांनी जायचे ठरले. परत येताना बसच्या खिडकीतून तेलक्षेत्रावरची ज्योत दिसत होती. जादा गॅस जाळणारी ती उंच ज्योत लेक लहान असताना मी तिला दाखवायचो आणि सांगायचो, ती बघ जमिनीच्या पोटातली पणती. आज तिने तिकडे पाहिले नाही.

२ मार्च

अंगाची लाही लाही झाली आहे. ठेकेदाराचे उत्तर आले. लिहिणारा हात मात्र कंपनीचाच असणार.

"नियम चौदा अन्वये गॅसची तपासणी आधी व परवान्यावर कामगाराची सही नंतर, असा क्रम आहे. सदर कामगाराने तपासणीपूर्वीच सही केली. परवाना पूर्ण दिसल्याने मुकादमाने शिट्टी दिली. सबब कामगाराने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला."

खोटारडे! माझ्या पोरांना क्रम शिकवता? तुम्ही गादीच्या खुर्चीत बसून नियम चौदा वाचता, आमची मुले तो रोज सकाळी छाती पुढे काढून म्हणतात! मी ताबडतोब वकीलबाईंना दोन पानी पत्र लिहिले. लिहिले की तपासणीचा क्रम प्रत्येक कामगाराला तोंडपाठ आहे, मी स्वतः निवृत्त होईपर्यंत शिकवला आहे, हवे तर शपथेवर सांगतो. पोस्टात स्वतः टाकून आलो. चालताना पावले तालात पडत होती. पुष्कळ दिवसांनी तरुण वाटले.

७ मार्च

वकीलबाईंचा निरोप. "काका, ती कविता जशीच्या तशी लिहून पाठवा."

चांगला कागद काढला. निळी शाई भरली. पहिल्या दोन ओळी अशा उतरल्या की गुरुजींनी पाठ थोपटली असती.

तिसऱ्या ओळीवर थांबलो.

८ मार्च

आज काही लिहिण्यासारखे नाही.

११ मार्च

जावई घरी आला. उजव्या हाताची दोन बोटे आता मोकळी आहेत. मी त्याला समजावले. म्हटले, कोर्टकचेरीत माणसाच्या उमेदीची वर्षे जातात, तुम्ही तरुण आहात. कंपनी काही शत्रू नाही, तिच्याच अन्नावर आपण सगळे वाढलो. तो कागद काही इतका वाईट नाही. माणसाला शेवटी शांतता लागते.

लेक म्हणाली, "बाबा, पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच म्हणत होतात की इस्त्रीला त्याच कागदात गुंडाळून परत पाठवा."

मी म्हटले, वय झाले की विचार बदलतात.

रात्री जेवताना ही माझ्याकडे बघत होती. "अहो, भिंतीवरची चौकट उलटी का टांगलीय?"

धूळ बसते म्हणून, असे सांगितले.

१३ मार्च

इथे तरी खरे लिहावे. इथे कोण वाचणार आहे?

पिवळ्या कागदावर मीटरचा रकाना वर होता आणि सहीचा सगळ्यांत खाली. क्रम मला ठाऊक होता. पहिल्या मसुद्यात ओळ बरोबरच होती, 'मीटर लाव, सही ठोक'. पण 'ठोक'ला यमक सापडेना. एक अख्खी दुपार मी झोक, नोक, टोक करत बसलो होतो. मग ओळ उलटी केली. लाव, वाव. इतके छान बसले की उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. वाटले, क्रम तर पोरांना माहीतच आहे, ही नुसती कविता. पुढे माहीत असलेले निवृत्त झाले आणि कविता राहिली.

संध्याकाळी जावयाजवळ बसलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "बाबा, चौकट सुलटी करा. मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"जळीत विभागात. तिसरा दिवस असेल. छताकडे बघत पडायचं, दुसरं काय करणार? मनातल्या मनात ठिणगी पाडायचो आणि कविता म्हणायचो. म्हणता म्हणता दिसलं."

"मग वकीलबाईंना का नाही सांगितलंत? दीड महिना झाला!"

तो त्या दोन बोटांनी चादरीची सुरकुती काढत राहिला. "एकच तर कविता आहे तुमची," म्हणाला. "म्हटलं, दुसरं काहीतरी निघेल."

त्यानंतर मला तिथे बसवले नाही.

१४ मार्च

सकाळी पहिल्या बसने, एकटा. चौकट टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. चपलांचे दुकानसुद्धा उघडले नव्हते. वकीलबाई आल्या तेव्हा मी जिन्यावर बसलो होतो.

मी म्हटले, "बाई, चूक जावयाची नाही, माझी आहे. मला उभं करा. मला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे."

त्यांनी ओळी वाचल्या. दोनदा वाचल्या. मग मला वाटले तसे त्या रागावल्या नाहीत. खालचा शिक्का बोटाने चोळून पाहिला. "काका, हा कुणाचा?"

"कंपनीचा."

"फाटकावर लावली कुणी?"

"कंपनीनं."

"रोज म्हणायला कोण लावतं?"

"मुकादम. म्हटली नाही तर हजेरी लागत नाही."

"आणि तो नियम चौदा? तो कुठं लावलाय?"

मी आठवून पाहिले. नियमांचे पुस्तक साहेबांच्या कपाटात असायचे, कुलपात. एकतीस वर्षांत मी ते दोनदा पाहिले. एकदा तपासणीला पाहुणे आले होते तेव्हा, आणि एकदा कपाट रंगवायला बाहेर काढले तेव्हा.

बाई म्हणाल्या, "मग कामगाराला स्पष्ट सांगितलेला नियम कुठला? कपाटातला की फाटकावरचा? यानं नियम मोडला नाही, काका. यानं कंपनीनं शिकवलेला नियम शब्दशः पाळला."

मला हायसे वाटायला हवे होते. मी मूर्खासारखे विचारले, "पण इतकी वर्षं एवढ्या शिकल्यासवरल्या साहेब लोकांच्या लक्षात कसं आलं नाही?"

त्यांनी चौकट टेबलावर ठेवली. "चार विहिरींना एक मीटर. आधी मीटर म्हटलं तर तीन विहिरी हातावर हात ठेवून वाट बघणार. आधी सही म्हटलं की कागद तयार, काम सुरू, मीटर येईल तेव्हा येईल. तुमचं यमक त्यांच्या फार सोयीचं होतं, काका."

मोठ्या साहेबांनी त्या वेळी माझा हात हातात घेऊन म्हटले होते, एक शब्दसुद्धा बदलू नका. बावीस वर्षे मी ते वाक्य जपून ठेवले आहे.

३ एप्रिल

बातमी गेली वाटते. लांब्या सांगत आला की फाटकावरची चौकट काल उतरवली. भिंतीवर खिळा आहे आणि पांढरा चौकोन.

दुपारी केस कापायला गेलो तर शेजारच्या खुर्चीत इस्त्री. साबणाच्या फेसातून बोलला. "मास्तर, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो. तुम्ही उभे राहिलात की उद्या कुणीही विचारेल, मग स्फोटाला जबाबदार कोण? कवी?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला.

मी म्हटले, "विचारू दे. माझ्या वाटची जबाबदारी मी उचलतो. चार ओळींची आहे, जड नाही. उरलेली तुमच्याकडे पाठवतो."

बोललो खरा. आणि तसाच खुर्चीतून उठून घरी आलो. केस एका बाजूचेच कापून झाले होते, ते हिने दाखवले.

२१ जून

आयुक्तांपुढे सुनावणी झाली. सगळे जसेच्या तसे लिहितो.

खोली लहान. एक पंखा, तोही आयुक्तांपुरता. टंकलेखन करणाऱ्या बाईंच्या टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी केलेला कागद. आयुक्त थकलेले गृहस्थ, सारखी टोपणाशी चाळा करणारे. मागे बाकावर ही, लांब्या आणि रात्रपाळी संपवून आलेले आठ-नऊ जण, तेलकट कपड्यांतच. जावई हात मांडीवर पालथे ठेवून बसला होता. मी ते हात बघायचे टाळत होतो. तो मात्र ते लपवत नव्हता.

ठेकेदाराच्या बाजूने साक्षीदार म्हणून इस्त्री आला. शपथ घेतली. वकीलबाईंनी विचारले, "पाळीच्या आधी कामगारांना काही म्हणायला लावलं जातं का?"

"काही नाही. नियम चौदा समजावून सांगितला जातो."

"ही कविता?"

"असेल काहीतरी. करमणूक म्हणून पोरं म्हणत असतील."

"फाटकावर चौकट होती?"

"मला आठवत नाही."

"तुम्हाला स्वतःला ही येते?"

"मुळीच नाही," इस्त्री म्हणाला आणि बाहीची घडी सारखी केली. आमची चौकट ठेकेदाराच्या वकिलांनी उडवून लावली. म्हणे, निवृत्तीच्या दिवशी म्हाताऱ्याला दिलेली भेटवस्तू, तिचा कामाशी काय संबंध?

मग मला बोलावले. मी सगळे सांगितले. कारकून होतो, क्रम ठाऊक होता, यमकासाठी उलटा केला, कंपनीने छापला, मी शिकवला. ठेकेदाराचे वकील उठले. "म्हणजे हा अपघात तुमच्या पांडित्यामुळे झाला, असं म्हणायचं का?"

"माझ्यामुळेही झाला," मी म्हटले. "ते मी घरी रोज म्हणतो. इथं मी कंपनीबद्दल सांगायला आलोय."

आयुक्तांनी टोपण खाली ठेवले. "म्हणून दाखवा ती कविता."

मी उभा राहिलो, शाळेत राहायचो तसा. हात बाजूला. 'आधी झडप, कुलूप मग.' 'टोपी-चष्मा, बघ रे बघ.' आणि पुढची ओळ एकदम गेली. डोक्यात नुसता पांढरा चौकोन. मी इकडे तिकडे पाहिले आणि नजर इस्त्रीवर गेली. तो समोरच बसला होता, माझ्या टेबलासमोर उभा राहायचा त्याच अंतरावर. मी थांबलो होतो. हात कसा कोण जाणे जरा वर गेला होता.

इस्त्रीची पाठ आपोआप ताठ झाली.

"सही ठोक, मीटर लाव," इस्त्री म्हणाला.

आणि मागच्या बाकावरून, रात्रभर जागलेल्या नऊ गळ्यांतून, एका सुरात, "मग ठिणगीला दे वाव!"

कुणी हसले नाही. इस्त्रीच्या मानेवर घाम आला आणि कॉलर पहिल्यांदाच चुरगळलेली दिसली. ठेकेदाराचे वकील काही बोलू लागले, पण आयुक्तांनी हात वर केला आणि टंकलेखन करणाऱ्या बाईंना सावकाश सांगितले, "लिहा. साक्षीदाराने तिसरी ओळ न विचारता पूर्ण केली. चौथी उपस्थित कामगारांनी."

बसमध्ये हिने विचारले, "खरंच विसरलात?"

"खरंच."

"झोपेत म्हणता ती कविता. बावीस वर्षं मी ऐकतेय."

"माणूस घाबरला की होतं असं कधी कधी."

"हो का," ही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. मला वाटले ऊन लागले असेल, म्हणून पडदा ओढला.

१९ जुलै

परवा निकाल आला. नियम जाणूनबुजून मोडल्याचे सिद्ध होत नाही. ठेकेदाराने भरपाई द्यावी. वकीलबाईंनी सांगितले की ही पहिली वाट झाली. आता दुसरी.

लगेच दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात. या वेळी इस्त्री नव्हे, कुणी नवा, बुटांचा आवाज करणारा. नवा कागद, पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठी रक्कम, खाली त्याच मुंग्या. कंपनीवर दावा करायचा नाही आणि मीटर कुठे होते याबद्दल कुठेही बोलायचे नाही.

जावयाने मला पेन मागितले. मी माझे निळ्या शाईचे काढून दिले. दोन बोटांच्या बेचक्यात पेन धरून त्याने कागद आपल्याकडे ओढला. लेक त्याच्या खांद्यामागे उभी होती, पण तिने हात लावला नाही. त्याला बराच वेळ लागला. अक्षर पहिलीतल्या पोरासारखे, रेघेबाहेर जाणारे, पण अख्ख्या कागदभर:

नाही.

"घ्या," तो म्हणाला. "आधी मीटर, मग सही. आता शिकलोय मी."

२ ऑगस्ट

कोर्टात दावा दाखल झाला, सप्टेंबरात तारीख आहे. वर्षे लागतील, असे बाई म्हणतात. लागू देत. चार विहिरींना एक मीटर का, याचे उत्तर आता कंपनीला द्यायचे आहे. मलाही पुन्हा उभे करणार आहेत. मी तयार आहे.

पण एक काम राहिले होते. फाटकावरची चौकट गेली तरी तोंडातली जात नाही. पोरे अजून तेच म्हणतात. काल लांब्या हात जोडून म्हणाला, "मास्तर, दुसरी करून द्या. सवय मोडत नाही हो, जीभ आपोआप तिकडंच वळते."

आज सकाळपासून बसलो. 'मीटर लाव, सही ठोक' इथपर्यंत आलो आणि पुन्हा तोच बावीस वर्षांपूर्वीचा खड्डा. नोक. टोक. झोक. ही पलीकडे बसून शेंगा सोलत होती. मी मोठ्याने पुटपुटत होतो, "ठोक... ठोक... ठोकला काही जुळतच नाही."

मान वर न करता ही म्हणाली, "न जुळायला काय झालं? घरी वाट बघतात लोक."

मी पेन खाली ठेवले. हिने पुढची शेंग उचलली होती.

दुपारी लांब्या आला. त्याने ती ओळ कागदावर नेली नाही. ऐकली, दोनदा म्हटली आणि सायकलवर बसून गेला. जावयाला राहवेना, तो मला घेऊन दुसऱ्या पाळीच्या वेळेला फाटकापाशी गेला. आत जायला आम्हाला मनाई आहे, म्हणून कुंपणाबाहेर उभे राहिलो. भिंतीवर अजून खिळा आणि पांढरा चौकोन. त्याच्यासमोर साठ माणसे उभी होती आणि मुकादम घड्याळाकडे बघत होता. पहिल्या दोन ओळी जुन्याच आल्या. मग लांब्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, जरा बेसूर, आणि बाकीचे अडखळत, मग धडाक्याने त्याच्यामागून:

मीटर लाव, सही ठोक,
घरी वाट बघतात लोक!

मुकादमाने शिट्टी तोंडाशी नेली. एकही माणूस हलला नाही. रांगेतून कुणीतरी ओरडले, "आधी मीटर आणा!"